औषधांनी न जाणारी सावली: बायोप्सी करावी का?

प्रश्न: माझी आई ६१ वर्षांची आहे. तिने आयुष्यात कधी तंबाखूला किंवा सिगारेटला हात लावलेला नाही. पाच महिन्यांपूर्वी तिला खोकला सुरू झाला, ताप फारसा नव्हता. एक्स-रे काढल्यावर उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागात न्यूमोनियाचा पॅच आहे असं सांगण्यात आलं. अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले, पॅच होता तिथेच आहे. थुंकीत टीबी सापडला नाही, तरी टीबीची औषधं सुरू करून बघू असं एका डॉक्टरांनी सुचवलं होतं. आम्ही ती अजून सुरू केलेली नाहीत. सीटी स्कॅनमध्ये ‘कन्सॉलिडेशन विथ एअर ब्रॉन्कोग्राम’ आणि दोन्ही बाजूंना पुसट ठिपके असं लिहिलं आहे. पेट स्कॅनच्या रिपोर्टमध्ये ‘माइल्ड अपटेक, लाइकली इन्फेक्टिव्ह’ असं आहे. आता नवीन डॉक्टर म्हणतात, दुर्बिणीने तपासून तुकडा काढू, कॅन्सर आहे का ते बघावं लागेल. गाठ कुठेच नाही, पेटही बरा आला, मग कॅन्सर कसा असेल? भाऊ म्हणतो, सुई लावली की कॅन्सर पसरतो. आई दिवसभर पाण्यासारखा पांढरा कफ टाकत असते, कपभर तरी होतो, आणि विचारते की मला नक्की झालंय काय. तिला काय सांगू? आमचे पाच महिने फुकट गेले का?

उत्तर: ताई, आधी सरळ उत्तर देतो. तुकडा काढून घ्या, आणि आता त्यात आणखी दिवस घालवू नका. आईंना कॅन्सरच आहे असं मी म्हणत नाही. त्यांचे स्कॅन मी पाहिलेले नाहीत, आणि पाहिले असते तरी नुसत्या स्कॅनवरून तसं म्हणता आलं नसतं. पण तुम्ही सांगितलेल्या गोष्टी एकत्र ठेवल्या तर त्यांना ‘जुना न्यूमोनिया’ म्हणून सोडून देणं कुठल्याही छातीच्या डॉक्टरला पटणार नाही. नवीन डॉक्टर योग्य तेच सांगत आहेत.

छातीचे स्कॅन वाचणं हे माझं रोजचं काम आहे. त्यामुळे ‘गाठ नाही, मग कॅन्सर कसा?’ हा तुमचा प्रश्न मला नवा नाही. फुफ्फुसाचा कॅन्सर म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एक चित्र येतं: काळ्या फुफ्फुसात पांढरी, काटेरी कडांची गाठ. बऱ्याच रुग्णांमध्ये ती तशीच दिसते. तीन सेंटिमीटरपर्यंत असली तर तिला नोड्यूल म्हणतात, त्याहून मोठी असली तर मास. पण हा आजार गाठीच्या रूपातच दिसेल असा काही नियम नाही. त्याचा एक प्रकार थेट न्यूमोनियाचं रूप घेऊन येतो, आणि तुमच्या पत्रातल्या बऱ्याच खुणा त्याच्याशी जुळतात. म्हणून तो जरा नीट समजावतो.

आपल्या फुफ्फुसात हवेच्या कोट्यवधी बारीक पिशव्या असतात. न्यूमोनियात त्या पिशव्या पू आणि पाण्याने भरतात. हवेच्या जागी द्रव आला की एक्स-रेवर तो भाग पांढरा दिसतो, यालाच कन्सॉलिडेशन म्हणतात. पिशव्या भरल्या तरी त्यांच्याकडे जाणाऱ्या नळ्यांमध्ये हवा राहते, आणि पांढऱ्या भागातून त्या नळ्या काळ्या फांद्यांसारख्या दिसतात. तुमच्या रिपोर्टमधला एअर ब्रॉन्कोग्राम तो हाच. आता ज्या कॅन्सरबद्दल मी सांगतोय त्याचं नाव इन्व्हेसिव्ह म्युसिनस अ‍ॅडेनोकार्सिनोमा. त्याच्या पेशी गोळा होऊन गाठ बांधत नाहीत. हवेच्या पिशव्यांच्या भिंतींवर त्या अस्तरासारख्या पसरत जातात, भिंती बऱ्याच अंशी शाबूत ठेवतात आणि चिकट द्रव सोडत राहतात. पिशव्या त्या द्रवाने भरतात, नळ्या मोकळ्या राहतात. म्हणजे स्कॅनवर उमटतं ते न्यूमोनियाचंच चित्र, काळ्या फांद्यांसकट. पिशव्यांमध्ये पू आहे की कॅन्सरच्या पेशींनी सोडलेला द्रव आहे, हे सीटीच्या यंत्राला सांगता येत नाही. दोन्ही त्याला सारखेच पांढरे दिसतात.

पूर्वी हा प्रकार ब्रॉन्किओलोअल्व्हिओलर कार्सिनोमा या मोठ्या नावाखाली मोडायचा. २०११ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने ते नाव मोडीत काढलं, कारण त्या एका नावाखाली अगदी मंद आणि बऱ्यापैकी आक्रमक असे वेगवेगळे आजार एकत्र बांधले गेले होते. जुन्या लेखांत किंवा एखाद्या रिपोर्टमध्ये ते नाव दिसलं तर गोंधळू नका.

तुमच्या पत्रात माझी नजर सगळ्यात जास्त अडली ती कपभर कफावर. खोकल्याबरोबर थोडा बेडका पडणं वेगळं, आणि दिवसाकाठी शंभर मिलिलिटरहून जास्त पातळ, फेसाळ, पांढरट कफ पडणं वेगळं. इतका कफ फार थोड्या आजारांत पडतो, आणि त्यांत हा म्युसिनस प्रकार येतो. प्रत्येक रुग्णात असं होतं असं नाही, पण झालं तर डॉक्टरांच्या कानावर जायलाच हवं. तुम्ही हे त्यांना सांगितलं आहे का? बरेचदा रुग्ण तपासणीच्या खोलीत ‘खोकला आहे, कफ पडतो’ एवढंच बोलतात आणि किती पडतो हे कोणी विचारत नाही. एक दिवस कफ मापाच्या भांड्यात जमवा, आकडा लिहून ठेवा, रंग आणि फेस कसा आहे तेही लिहा.

पेट स्कॅनबद्दल सांगतो. पेटमध्ये साखरेसारखा एक किरणोत्सारी पदार्थ शिरेतून देतात आणि ज्या पेशी साखर भराभर खातात त्या उजळून दिसतात. त्यामुळे पेट ‘कॅन्सर’ दाखवत नाही, साखरेची भूक दाखवतो. टीबी, बुरशीचा संसर्ग, सार्कॉइडोसिस (कॅन्सर नसलेला एक सुजेचा आजार) यांतही भरपूर भूक असते, म्हणून ते आजार पेटवर कॅन्सरसारखे झळकतात. उलट म्युसिनस कॅन्सरमध्ये द्रव जास्त आणि पेशी विरळ, त्यामुळे उजेड कमी पडतो. कार्सिनॉइड नावाच्या मंद वाढणाऱ्या ट्यूमरचं आणि आठ मिलिमीटरहून बारीक नोड्यूलचंही तेच. तेव्हा ‘माइल्ड अपटेक’वर, म्हणजे कमी उजेडावर, निर्धास्त होऊ नका. रिपोर्टमधला ‘लाइकली’ हा शब्द अंदाजाचा आहे, लिहिणाऱ्याने तो त्याच अर्थाने लिहिला आहे. पेट वाया गेला असंही समजू नका. शरीरात इतरत्र काही आहे का हे त्याने दाखवलं, आणि तुकडा नेमका कुठून घ्यावा हे ठरवायलाही त्याचा उपयोग होतो.

आता पाच महिन्यांबद्दल. हा प्रश्न तुमच्या मनाला लागला आहे हे पत्रातून कळतं. सुरुवातीला न्यूमोनिया समजून अँटिबायोटिक देणं ही चूक नव्हती. खोकला आणि एक्स-रेवर पॅच असलेल्या बहुसंख्य लोकांना खरोखर संसर्गच असतो आणि ते बरे होतात. शिवाय एक्स-रेवरचा पॅच माणूस बरा झाल्यावरही रेंगाळतो, साठीच्या पुढच्या व्यक्तीत सहा ते बारा आठवडेसुद्धा. खरा मुद्दा त्यानंतरचा आहे. ब्रिटिश थोरॅसिक सोसायटीच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत असं आहे की, न्यूमोनियानंतर ज्यांची लक्षणं जात नाहीत, जे धूम्रपान करतात किंवा ज्यांचं वय पन्नाशीच्या पुढे आहे, त्यांचा सुमारे सहा आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे काढावा. आणि पॅच तसाच असेल तर त्याचा पाठलाग करावा. तुमच्याकडे हा टप्पा लांबला. पण या प्रकाराची गती बरेचदा मंद असते, तेव्हा जे करायचं ते अजूनही करण्यासारखं आहे. स्वतःला दोष देण्यात आता शक्ती घालवू नका.

टीबीची औषधं ‘सुरू करून बघू’ याला मात्र मी आज तुमच्या जागी तयार होणार नाही. टीबीची शक्यता नाही असं नव्हे, ती तपासायलाच हवी. पण पुराव्याशिवाय औषधं सुरू केली की फरक पडतोय का हे बघण्यात दोन महिने सहज जातात, मध्ये थोडा खोकला कमी झाला की सगळे आशेवर राहतात, आणि तुकडा काढण्याचा विषय मागे पडतो. स्टेरॉइडचंही असंच. काही आजारांत स्टेरॉइडने सावली तात्पुरती विरते आणि मग निदान आणखी अवघड होऊन बसतं. आईंना कोणी स्टेरॉइडच्या गोळ्या देऊ केल्या असतील तर तपासणीआधी तसं डॉक्टरांना सांगा.

टीबी आणि कॅन्सर यांचा निवाडा त्याच एका तपासणीत होऊ शकतो, मात्र नमुना नीट विभागला गेला पाहिजे. इथे एक बारीक गोष्ट आहे आणि ती घरच्यांनी विचारलेली बरी. पॅथॉलॉजीसाठीचा तुकडा फॉर्मेलिनमध्ये ठेवतात. फॉर्मेलिनमध्ये जंतू मरतात, म्हणजे त्याच बाटलीतून टीबीचं कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघण्याची तपासणी, होऊच शकत नाही. कल्चरसाठीचा भाग वेगळा, सलाइनमध्ये जायला हवा. ‘एक नमुना पॅथॉलॉजीला, एक टीबी आणि बुरशीच्या तपासणीला जाणार आहे ना?’ एवढं आधी विचारून घ्या. टीबीची जीन एक्स्पर्ट चाचणी काही तासांत उत्तर देते, कल्चरला मात्र कित्येक आठवडे लागू शकतात.

भावाची भीती खोटी ठरवून मी तिला उडवून लावणार नाही, कारण ती फार घरांत असते. सुईच्या वाटेने कॅन्सरच्या पेशी पसरण्याच्या घटना वैद्यकीय साहित्यात नोंदलेल्या आहेत, पण फुफ्फुसाच्या बाबतीत त्या अत्यंत विरळ आहेत. ‘बायोप्सीनंतर आजार वाढला’ असं जे ऐकू येतं, त्यात बहुतेकदा आजार आधीच वाढलेला असतो आणि बायोप्सीने तो कळतो. आणि आईंना सुचवली आहे ती दुर्बिणीची तपासणी, म्हणजे ब्रॉन्कोस्कोपी. ती श्वासनलिकेतून आत जाते, छातीतून सुई जात नाही. तिचे खरे धोके वेगळे आहेत: थोडा रक्तस्राव, तपासणीच्या वेळी ऑक्सिजन खाली येणं, आणि तुकडा घेताना फुफ्फुसाभोवती हवा जमणं. सीटीखाली बाहेरून सुई घालून बायोप्सी केली तर हवा जमण्याचं प्रमाण जास्त असतं, साधारण चार-पाच जणांत एकाला थोडीफार जमते, मात्र ती हवा काढायला छातीत नळी घालण्याची वेळ त्यातल्या थोड्यांवरच येते. आई रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असतील तर ते आधीच सांगा, आणि त्या स्वतःहून बंद करू नका, डॉक्टर सांगतील तेव्हाच करा.

एक शक्यता आत्ताच मनात धरून ठेवा. तपासणी होईल आणि रिपोर्ट येईल, ‘दीर्घकालीन सूज, कॅन्सरच्या पेशी दिसल्या नाहीत’. घरात सगळे सुटकेचा श्वास टाकतील. पण इतका गोलमोल रिपोर्ट म्हणजे उत्तर नव्हे. विरळ पेशी आणि भरपूर द्रव अशा आजारात दुर्बिणीचा चिमटा नेमका द्रवावर पडू शकतो. ‘टीबीचे जंतू मिळाले’ किंवा ‘अमुक बुरशी मिळाली’ असं ठोस काही लिहिलेलं असेल आणि त्या औषधाने पॅच विरघळत गेला, तरच विषय मिटला म्हणायचं. तसं नसेल तर दुसऱ्यांदा, दुसऱ्या पद्धतीने नमुना घ्या. डॉक्टरांनी पुन्हा बायोप्सी सुचवली तर ‘पहिली फुकट गेली’ म्हणून त्यांच्यावर चिडू नका.

हे सदर वाचणाऱ्या इतरांसाठी थोडं सांगतो, कारण कॅन्सर वेगळ्या रूपात येण्याचा प्रश्न म्युसिनस प्रकारापुरता नाही. काहींच्या सीटीत ग्राउंड ग्लास म्हणजे दुधी काचेसारखा धुरकट ठिपका दिसतो, ज्याच्या आडून रक्तवाहिन्याही दिसत राहतात. असे ठिपके संसर्गाचेही असतात आणि कित्येक काही आठवड्यांत जातातही. पण राहिले तर त्यांतले काही अगदी सुरुवातीच्या अवस्थेतला कॅन्सर असू शकतात, वर्षानुवर्षं जेमतेम वाढणारा. म्हणून फ्लाइश्नर सोसायटी या छातीच्या स्कॅनमधल्या तज्ज्ञांच्या संस्थेच्या २०१७ च्या सूचना सांगतात की सहा मिलिमीटर किंवा मोठा निव्वळ धुरकट ठिपका सहा ते बारा महिन्यांनी पुन्हा पाहावा, टिकून असेल तर दर दोन वर्षांनी, एकूण पाच वर्षांपर्यंत. ‘दोन वर्षं वाढला नाही म्हणजे निर्धोक’ हा ठोस गाठींचा जुना ठोकताळा इथे चालत नाही. ठिपक्याच्या मध्ये घट्ट पांढरा भाग तयार होऊ लागला तर ती बातमी लगेच डॉक्टरांकडे न्यायची.

मला सर्वांत फसवं रूप वाटतं ते हवेच्या फुग्याचं. सीटीत पातळ भिंतीची हवा भरलेली पोकळी दिसते, रिपोर्टमध्ये ‘बुला’ किंवा ‘सिस्ट’ लिहिलं जातं आणि फाइल बंद होते. पुढच्या स्कॅनमध्ये त्याच पोकळीची एक कड किंचित जाड झालेली असते, त्यापुढच्या स्कॅनमध्ये तिथे छोटा उंचवटा असतो. एकेक स्कॅन सुटा पाहिला तर काहीच वाटत नाही, शेजारी शेजारी ठेवले तर दिसतं. म्हणून मी प्रत्येकाला सांगतो की जुने एक्स-रे आणि सीटीच्या सीडी कधीही टाकू नका. नुसता रिपोर्टचा कागद पुरत नाही, चित्रं लागतात. चार वर्षांपूर्वीच्या एखाद्या जुन्या एक्स-रेने जितक्या लवकर उत्तर मिळतं, तितकं कधी कधी नव्या महागड्या तपासणीनेही मिळत नाही.

फुफ्फुसाच्या अगदी शेंड्यावर वाढणारा पॅनकोस्ट ट्यूमर खोकल्याऐवजी खांदेदुखी घेऊन येतो, हात आणि बोटांपर्यंत कळ जाते. हेन्री पॅनकोस्ट या अमेरिकी रेडिओलॉजिस्टने त्याचं वर्णन १९२४ मध्ये केलं. एक्स-रेवर तिथे गळपट्टीच्या हाडामागे जरा जाड पांढरी टोपी असावी एवढंच दिसतं. लोक महिनोन्‌महिने खांद्याचा नाहीतर मानेचा व्यायाम करत राहतात. त्या बाजूची पापणी खाली झुकली किंवा डोळ्याची बाहुली लहान झाली तर थांबू नये. याशिवाय कॅन्सर टीबीसारखी पोकळीही करतो, टीबीसारखे बाजरीएवढे ठिपकेही दोन्ही फुफ्फुसांत पेरतो, आणि श्वासनलिका आतून बुजवून फुफ्फुसाचा एक खण (लोब) हवा जाऊन आकसून बसेल असंही करतो. नुसता एक्स-रे स्वच्छ आला म्हणून महिना-महिना टिकलेल्या लक्षणांकडे दुर्लक्ष करू नये. हृदयाच्या मागे, छाती आणि पोट यांमधल्या पडद्याच्या खाली आणि हाडांच्या आड लपलेला आजार त्याला दिसत नाही. लक्षणं असलेल्या रुग्णांतही पाचातला एखादा फुफ्फुसाचा कॅन्सर एक्स-रेवरून निसटतो.

तंबाखू नाही, मग कसा, हे तुम्ही थेट विचारलं नाहीत पण पहिल्याच ओळींत लिहिलंत. धूम्रपान हे सर्वांत मोठं कारण आहेच. तरी जगभरात फुफ्फुसाचा कॅन्सर झालेल्यांपैकी साधारण दहा ते पंचवीस टक्के लोकांनी कधीच धूम्रपान केलेलं नसतं, आणि त्यांत बायकांचं प्रमाण जास्त. दुसऱ्याच्या सिगारेटचा धूर, चुलीचा धूर, जमिनीतून येणारा रेडॉन वायू, बाहेरची दूषित हवा, ही माहीत असलेली कारणं आहेत. कित्येकदा कारण सापडतही नाही. आईंनी काही चुकीचं केलं म्हणून हे झालं, असा विचार घरात कोणाच्याही मनात येऊ देऊ नका.

समजा कॅन्सर निघालाच, तर पुढचं बरंच काही तो किती पसरला आहे यावर ठरेल. एकाच खणात असेल तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. दुसऱ्या बाजूचे ठिपकेही त्याचेच असतील तर औषधांचा मार्ग येतो, आणि त्याआधी तुकड्यावर जनुकांची तपासणी करावी लागते. म्युसिनस प्रकारात बरेचदा के-रास नावाच्या जनुकात बदल सापडतो, धूम्रपान न करणाऱ्यांच्या इतर अ‍ॅडेनोकार्सिनोमात ईजीएफआर नावाच्या जनुकात सापडण्याची शक्यता बरीच असते आणि त्यासाठी गोळ्या आहेत. म्हणून नमुना पुरेसा घ्या आणि जनुकांच्या तपासणीसाठी राखून ठेवा, असं आधीच सांगून ठेवलंत तर पुन्हा तुकडा काढायची वेळ बहुधा येणार नाही.

आणि आईंना काय सांगायचं? जे खरं आहे आणि आज माहीत आहे, तेच. ‘फुफ्फुसात एक पॅच आहे, औषधांनी तो गेला नाही. तो संसर्गाचा आहे की दुसरा काही, कॅन्सरसुद्धा असू शकतो का, हे बघायला डॉक्टर आतून तुकडा घेणार आहेत.’ कॅन्सर हा शब्द उच्चारायचा की नाही हे त्यांच्याकडे बघून ठरवा, पण ‘काही नाही गं, साधी तपासणी आहे’ असं म्हणू नका. त्या दिवसभर स्वतःचा कफ बघतायत, त्यांना अंदाज आला असणारच, आणि घरचे लपवतायत हे कळलं की माणूस आपल्याच घरात एकटा पडतो. त्यांना विचारा की रिपोर्ट आला की तुला सगळं ऐकायचंय की मी ऐकून सांगू. काहींना सगळं हवं असतं, काहींना नको असतं, आणि ते ठरवण्याचा हक्क त्यांचा आहे. ब्रॉन्कोस्कोपीच्या दिवशी तुमच्याबरोबर भावालाही घेऊन जा आणि सुईची शंका त्याला स्वतःच डॉक्टरांना विचारू दे. रिपोर्ट आला की त्यातला मजकूर मला लिहून पाठवा, त्यावरून पुढे डॉक्टरांना काय विचारायचं ते आपण बघू.